सांबल उदांग घरी करताना: तेल सुटलं कधी म्हणायचं आणि कोळंबी कधी घालायची

प्रश्न: मलेशियातलं सांबल उदांग, म्हणजे लाल मिरचीच्या मसाल्यातली कोळंबी, घरी करून पाहिलं. मसाल्याला कच्च्या मिरचीचा वास राहतो, कोळंबी चिवट होते आणि शेवटी कढईत पाणीच पाणी. बेलाचान (आंबवलेल्या बारीक कोळंबीची वडी) इथे मिळत नाही, त्याऐवजी काय घालू? नेमकं प्रमाण आणि कृती सांगाल का?

उत्तर:

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतं. आपण कोळंबीचं कालवण करतो त्याच पद्धतीनं हे केलं गेलंय: मसाला थोडा परतला, कोळंबी टाकली, झाकण ठेवलं आणि दोन्ही मिळून शिजू दिलं. सांबल उदांगात हे चालत नाही. इथे मसाला एकटाच तेलात वीस-पंचवीस मिनिटं शिजतो, चिंच-गूळ घालून पुन्हा आटतो, चाखून पक्का होतो आणि मग शेवटच्या तीन मिनिटांत कोळंबी त्यात येते. कोळंबीला जेमतेम तीन मिनिटं लागतात आणि मिरचीला अर्धा तास, मग दोघांना एका वेळेत बसवायचा हट्ट कशाला?

आधी प्रमाण. हे चौघांना भाताबरोबर पुरतं.

सोललेली कोळंबी ५०० ग्रॅम (डोक्यासकट घेतलीत तर साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो आणावी लागते)
सुक्या लाल मिरच्या: १६ बेडगी आणि ८ गुंटूर
सांबाराचे छोटे कांदे, सोलून १२० ग्रॅम
लसूण ६ मोठ्या पाकळ्या
बेलाचान १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे
तेल १०० ते १२० मिली
चिंच २० ग्रॅम, ८० मिली कोमट पाण्यात भिजवून कोळ काढलेली
माडाचा गूळ २५ ग्रॅम
एक मोठा कांदा, जाड चकत्या करून
मीठ शेवटी, चवीप्रमाणे

तेलाचा आकडा पाहून हात आखडू नका. तीन चमचे तेलात हा मसाला तळला जात नाही, फक्त तापतो आणि बुडाला लागतो. काम झाल्यावर वर आलेलं तीन-चार चमचे तेल काढून ठेवता येतं. त्या लाल तेलात अंडं तळलं की वेगळं काही करावं लागत नाही.

आता मिरची. मलेशियात सुकी मिरची मोठ्या प्रमाणात भारतातून आणि चीनमधून जाते, त्यामुळे या बाबतीत आपल्याला काही परकं शोधायचं नाही. बेडगी रंग आणि दाटपणा देते, तिखटपणा जवळजवळ नाहीच. गुंटूर झणका देते. नुसती बेडगी घातलीत तर दिसायला लालभडक आणि खायला गोडसर मिळमिळीत होईल. नुसती गुंटूर किंवा लवंगी घातलीत तर प्रमाण कमी करावं लागेल आणि मग मसाल्याला अंगच राहणार नाही. गडहिंग्लजकडची चांगली संकेश्वरी हाताशी असेल तर गुंटूरऐवजी ती सहा-सात घ्या. तयार तिखट मात्र अजिबात नको. पूड तेलात अर्ध्या मिनिटात करपते आणि सालीचा गर नसल्यामुळे मसाला भरत नाही.

मिरच्यांचे देठ काढा, कात्रीनं दोन-तीन तुकडे करा आणि बिया झटकून टाका. बिया ठेवल्या तर मसाला दाताखाली कचकचतो आणि तळताना त्या सालीच्या आधी करपून कडवट होतात. एवढ्या मिरच्यांतून देठ-बिया गेल्यावर साधारण १६ ते १८ ग्रॅम साल उरते. ती पाण्यात घालून दहा मिनिटं उकळा, गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं तशीच ठेवा, मग ते पाणी फेकून द्या आणि मिरच्या एकदा स्वच्छ पाण्यातून काढा. नुसत्या भिजवून चालत नाही. बेडगीची साल जाड आणि सुरकुतलेली असते; ती पूर्ण मऊ झाली नाही तर मिक्सरमध्ये तिचे कागदासारखे कपचे राहतात आणि ते कितीही तळले तरी तसेच राहतात. उकळलेलं पाणी टाकताना जीव खालीवर होतो हे कबूल, पण त्या पाण्यात रंगापेक्षा कडसर, मातकट चवच जास्त असते. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही.

वाटण. मलय घरांत यासाठी दगडी खल वापरतात, किंवा बातु गिलिंग, म्हणजे चक्क आपला पाटा-वरवंटा. मिक्सरवर करायचं तर लहान भांडं घ्या आणि मिरची आधी एकटी वाटा. ती लोण्यासारखी झाली की मगच कांदा-लसूण घाला. सगळं एकदम घातलं की कांद्याचं पाणी होतं, मिरचीचे तुकडे त्यात नुसते फिरत राहतात आणि पाती त्यांना पकडत नाही. फिरत नसेल तर पाणी ओतू नका. मोजलेल्या तेलातलं दोन-तीन चमचे तेल घाला. वाटणात घातलेला प्रत्येक चमचा पाणी नंतर कढईत बाहेर काढावं लागतं आणि ते निघेपर्यंत तुम्ही मसाला तळत नसता, उकडत असता.

सांबाराचे कांदे नसतील तर नेहमीचा लाल कांदा १०० ग्रॅम घ्या, किसा आणि मुठीत दाबून रस काढून टाका. त्यात पाणी जास्त असतं, एवढाच त्याचा दोष.

बेलाचान म्हणजे बारीक कोळंबीचं आंबवलेलं, दाबून वडी केलेलं वाटण. मलाक्का आणि पेनांग ही त्याची नावाजलेली ठिकाणं. ज्या बारीक कोळंबीपासून ते करतात तिला तिकडे गेरागाऊ म्हणतात, आणि ती आपल्या जवळ्याच्याच कुळातली आहे. तिकडे त्या कोळंबीत मीठ घालतात, उन्हात अर्धवट वाळवतात, कांडतात, काही आठवडे मुरू देतात, पुन्हा कांडतात आणि वड्या पाडतात. म्हणजे कच्चा माल आपल्या किनाऱ्यावर पोत्यानं आहे. आपण तो नुसता वाळवतो, आंबवत नाही. पर्याय निवडताना हा फरक लक्षात ठेवायचा.

विदेशी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन बेलाचान मिळालंच तर ते तसंच घालू नका. फॉइलमध्ये पातळ चपटं करून गुंडाळा आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर प्रत्येक बाजूनं दोन-अडीच मिनिटं भाजा. कच्च्या बेलाचानला ओलसर, नाकात जाणारा वास असतो. भाजल्यावर ते कोरडं होऊन बोटांत चुरतं आणि वास खमंग होतो. सुकट भाजताना खिडक्या उघडतो तशा उघडा, शेजाऱ्यांना काय ते समजेलच. थाई कापी किंवा इंडोनेशियातलं तेरासी मिळालं तर तेही चालतं. कापी जरा ओलसर आणि खारट असते, म्हणून तिला एक मिनिट जास्त भाजा आणि मीठ शेवटपर्यंत थांबवा.

यातलं काहीच नसेल तर दोन मोठे चमचे सुका जवळा घ्या. निवडा, चाळणीत घोळवून रेती काढा, कोरडाच मंद आचेवर कुरकुरीत भाजा आणि गार झाल्यावर अगदी बारीक पूड करा. पूड भाजीवर भुरभुरायची नाही, वाटणातच फिरवायची. मग आंबवलेली बाजू भरून काढायला मसाला तळून झाल्यावर एक चहाचा चमचा फिश सॉस घाला. हे बेलाचान नव्हे आणि चव तंतोतंत येणार नाही, पण तोंडात मागे रेंगाळणारी समुद्राची खोली येते. गोव्यात बालचांव या आंबट-तिखट कोळंबीच्या पदार्थात गालमो, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, घालतात तेही याच कामासाठी. गालमो मिळाला तर जवळ्याऐवजी तो बिनदिक्कत वापरा. जवळा आणि फिश सॉस दोन्ही वगळून केलेलं लाल कालवण चविष्ट होईल, फक्त त्याला सांबल उदांग म्हणायला जड जाईल.

कढई जाड बुडाची स्टीलची किंवा नॉनस्टिक घ्या. नवी लोखंडी कढई नको, चिंचेमुळे मसाल्याला लोखंडाची चव येते आणि रंग काळवंडतो. तेल सूर्यफूल किंवा राइस ब्रॅन. घाण्याच्या शेंगदाणा तेलाला स्वतःचा वास असतो, तो बेलाचानशी भांडतो.

कोळंबी डोक्यासकट आणली असेल तर डोकी आणि साली धुऊन, कोरड्या करून आधी त्याच तेलात मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तळा, उलथन्यानं दाबा आणि काढून टाका. तेल नारिंगी होतं. टरफलातला रंग आणि वास तेलात विरघळतो, आणि हे तेल पुढे सगळीकडे जातं. फुकट मिळणारी चव आहे, टाकू नका.

आता खरं काम. तेल मध्यम तापलं की वाटण घाला. धूर यायला लागलेल्या तेलात नाही. आच मध्यमहून किंचित कमी. पहिल्या दोन-तीन मिनिटांत तेल कडेनं आणि वर तरंगताना दिसेल. बरेच जण इथेच फसतात. हे तेल सुटलेलं नाही, ते अजून मसाल्यात शिरलेलंच नाही. थोड्या वेळानं मसाला ते सगळं पिऊन टाकतो आणि कढईत तेल घातलं होतं की नाही असं वाटावं इतका कोरडा, दाट गोळा होतो. घाबरून तेल वाढवू नका, पाणी तर नाहीच नाही.

पाचव्या ते बाराव्या मिनिटापर्यंत वाफ भरपूर असते, मोठे बुडबुडे फुटून शिंतोडे उडतात, आणि वास नाकाला झोंबतो. मसाल्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतं, म्हणून कांदा-लसूण उकडतात, भाजले जात नाहीत. बाराव्या मिनिटानंतर वाफ विरळ होते. आता तापमान चढतं, बुडाला मसाला धरायला लागतो आणि खरी चव इथून तयार होते. सपाट उलथन्यानं बूड सतत खरवडत राहा. फोन आला तर गॅस बंद करून घ्या.

वीस ते पंचवीस मिनिटांच्या मध्ये तीन गोष्टी जवळजवळ एकदम घडतात. रंग केशरी-लालवरून विटकरी, मग गडद तपकिरी-लाल होतो. बुडबुडे बारीक, फेसासारखे होतात आणि त्यांचा आवाज फटफट न येता तळणाचा चरचर येतो. आणि उलथनं मधून ओढलं की मागे उघड्या झालेल्या रस्त्यात कडेनं लाल, स्वच्छ तेल येऊन भरतं. मलय स्वयंपाकात याला पेचाह मिन्याक म्हणतात, आणि तिकडे कुठल्याही सांबलची पारख इथेच होते. रस्त्यात गढूळ, दुधट पाणी येत असेल तर अजून पाच मिनिटं. शंका असेल तर सुईच्या टोकाएवढा मसाला गार करून जिभेवर ठेवा: कच्चा असेल तर तिखट घशात खरखरतं, शिजलेला असेल तर तिखट असूनही गोलसर लागतं. कच्च्या मिरचीचा तो वास, ज्याची तुमची तक्रार आहे, या शेवटच्या दहा मिनिटांत जातो आणि दुसऱ्या कशानंही जात नाही. गूळ वाढवून तो झाकायला गेलं की मसाला गोड आणि कच्चा असा दोन्हीकडून फसतो.

भाजलेलं बेलाचान चुरून वाटणातच घालतात. मसाला फार लवकर लागतोय असं वाटलं तर दहाव्या मिनिटाला घातलं तरी चालेल. गूळ आणि चिंच मात्र तेल सुटल्याशिवाय कढईजवळ आणू नका. गूळ आधी घातला तर त्याची साखर बुडाला जळते आणि रंग आला म्हणून तुम्ही गॅस बंद करता, आत मिरची कच्चीच. चिंचेचा कोळ आधी घातला तर पुन्हा पाणी आलं, सगळं मोजणं पहिल्यापासून.

तेल सुटल्यावर आच मंद करा, किसलेला गूळ घाला, तो विरघळला की चिंचेचा कोळ गाळून घाला. पाच-सहा मिनिटांत तेल दुसऱ्यांदा वर येईल. तिकडचा गुला मलाका माडाच्या रसापासूनच करतात, त्यामुळे गोव्याचा किंवा दक्षिण कोकणातला काळा माडाचा गूळ इथे अगदी बरोबर बसतो. उसाचा गूळ घेतलात तर २० ग्रॅमच घ्या आणि गडद, बिनरसायनाचा पाहा. आता चाखा आणि मीठ ठरवा. बेलाचान खारट असल्यामुळे बहुधा अर्ध्या चमच्याच्या आतच भागतं. क्रम असा लागला पाहिजे: आधी गोड-आंबट, लगेच तिखट, सगळ्यात मागून बेलाचान. या क्षणी मसाला नुसता चाटताना थोडा जास्त खारट-आंबट वाटला पाहिजे, कारण अजून अर्धा किलो अळणी कोळंबी त्यात यायची आहे.

कोळंबीबद्दल. किलोला ३० ते ४० नग बसतील अशी मध्यम-मोठी घ्या. करंदी या मसाल्यात हरवून जाते. शेपटी ठेवून सोला, पाठीवर अर्धा सेंटिमीटर खोल चीर द्या आणि काळा दोरा काढा. त्या चिरेमुळे कोळंबी शिजताना पाठीतून उमलते आणि मसाला आत बसतो. हळद-मीठ-लिंबू लावून ठेवायची आपली सवय इथे सोडा: हळदीनं लाल रंग मळतो आणि लिंबानं कोळंबी विस्तवावर जाण्याआधीच घट्ट होते. फक्त पाव चमचा मीठ लावा आणि कागदी रुमालानं टिपून अगदी कोरडी करा.

गोठवलेली कोळंबी असेल तर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीवर ठेवून उतरवा, गरम पाण्यात नाही. पाकिटावर आयएनएस ४५१ किंवा ४५२ असं दिसलं तर ती फॉस्फेटमध्ये बुडवून पाणी धरायला लावलेली आहे. कढईत गेल्यावर ती ते सगळं सोडते. तुमच्या कढईत साचलेल्या पाण्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण झाकण, आणि तिसरं म्हणजे जास्त वेळ. अर्धा किलो कोळंबी गरजेपेक्षा जास्त शिजली की सहज अर्धी वाटी पाणी सोडते, स्वतः आवळते, चिवट होते आणि अर्धा तास तळलेला मसाला पुन्हा पातळ करते.

म्हणून गोठवलेल्या कोळंबीसाठी दोन टप्पे करा. वेगळ्या तव्यावर दोन चमचे तेल कडक तापवा, कोळंबी एका थरात पसरा, प्रत्येक बाजू ४० सेकंद, लगेच ताटात काढा. मधे अजून पारदर्शक असली पाहिजे. ताटात सुटलेलं पाणी मसाल्यात ओतायचा मोह टाळा. ताजी आणि कोरडी असेल तर हा टप्पा गरजेचा नाही.

मसाल्याची आच आता मोठी करा. कांद्याच्या चकत्या घाला, एक मिनिट परता. त्या अर्धवट कच्च्याच राहायला हव्यात. कोळंबी घाला आणि न झाकता परता. ताजीला अडीच ते तीन मिनिटं, आधी शेकलेलीला एक ते दीड. राखाडी पारदर्शक मांस पांढरं-गुलाबी, अपारदर्शक झालं आणि कोळंबी सैल वळली की गॅस बंद. घट्ट गोल कडं झालं म्हणजे उशीर झाला. कढईच्या उष्णतेनं ती आणखी थोडी शिजते, त्यामुळे किंचित कमीवरच थांबा.

काही बारीकसारीक. टोमॅटो काही घरांत घालतात, पण पाणी वाढवतो, शिकताना नको. आलं, गरम मसाला, वरून कोथिंबीर यांचं इथे काम नाही. कोथिंबिरीचा वास बेलाचानवर चढतो. न्योन्या, म्हणजे पेरानाकान चिनी घरांच्या पद्धतीत वाटणात गवती चहाच्या कांडाचा खालचा पांढरा भाग आणि बुआ केरास हे तेलकट बी घालतात, त्यानं मसाला दाट होतो. बुआ केरासऐवजी चार काजू चालतात. पण आपल्याकडे गवती चहाची पातच मिळते. ती वाटू नका, गाठ मारून तेलात टाका आणि शेवटी काढा. पेताई नावाच्या हिरव्या, उग्र वासाच्या बिया घालून केलेलं सांबल उदांग पेताई तिकडे फार लोकप्रिय आहे. त्या बियांना इथे बदली नाही. फरसबीचे तुकडे घातलेत तर कुरकुरीतपणा येईल, ती चव नाही.

बरोबर साधा भात पुरतो. नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, करायचा असेल तर ३०० ग्रॅम कोलम तांदळाला १५० मिली नारळाचं दाट दूध, ३०० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ, आल्याची एक चकती आणि पंदानची दोन पानं गाठ मारून. कोकणात परसात अन्नपूर्णा किंवा बासमतीचं पान म्हणून लावतात तेच हे झाड. शेजारी काकडी, उकडलेलं अंडं, तळलेले शेंगदाणे.

मसाला दुप्पट करून ठेवणं सोयीचं, पण कोळंबी न घालता. वर तेलाचा थर राहील असा काचेच्या कोरड्या बाटलीत भरा, फ्रीजमध्ये आठवडाभर आणि फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चांगला राहतो. लसूण तेलात आहे, त्यामुळे बाटली ओट्यावर ठेवायची नाही. कोळंबी घातलेलं उरलं तर दुसऱ्या दिवशी कोळंबी बाजूला काढा, मसाला एकटा कढईत खळखळून गरम करा, गॅस बंद करून कोळंबी त्यात टाका आणि मिनिटभर झाकून ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ती पुन्हा चिवट होते.